दहा फुटांची रिंग कोणाच्या मापाची?

उन्हाळी शिबिरं सुरू झाली की बास्केटबॉलच्या मैदानांवर एक वाद हमखास पेटतो. आठ-नऊ वर्षांची मुलं दोन्ही हातांनी चेंडू कमरेखाली नेतात, झोका देऊन वर भिरकावतात आणि तो नेटलाही न शिवता खाली येतो. पालक म्हणतात, रिंग खाली घ्या, पोरं कंटाळतील. कोच म्हणतात, बास्केटबॉल म्हणजे दहा फूट, आज खाली घेतली तर उद्या ही मुलं वर कधी टाकणार? मग एका बाजूला लाड आणि दुसऱ्या बाजूला शिस्त अशी वाटणी होते आणि पुढचं सगळं बोलणं संस्कारांवर घसरतं. चेंडू किती वजनाचा, रेषा किती लांब, रिंगमागचा बोर्ड कशाचा, पोल कसा पुरलाय, हे कोणी विचारतच नाही. प्रश्न संस्कारांचा नाही, मापाचा आहे. बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना ३.०५ मीटरची, म्हणजे दहा फुटांची, रिंग देणं चूक आहे, आणि आहे तीच रिंग नुसती खाली ओढणंही चूक आहे. उंची, चेंडू, फ्री थ्रोची (फाउलनंतर अडथळ्याविना नेम मारायची) रेषा आणि बोर्ड या चारही गोष्टी एकत्र बदलायला हव्यात, रिंगचा व्यास मात्र एक सेंटिमीटरही बदलू नये, आणि खालच्या रिंगचा सांगाडा वरच्यापेक्षा जास्त भक्कम असायला हवा.

दहा फुटांना ‘खेळाचा आत्मा’ म्हणणाऱ्यांनी तो आकडा आला कुठून ते बघावं. डिसेंबर १८९१ मध्ये अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्ड इथे, वायएमसीएच्या प्रशिक्षण शाळेत, जेम्स नेस्मिथ यांनी पीच फळांच्या दोन टोपल्या व्यायामशाळेच्या सज्जाच्या कठड्याला ठोकल्या. तो कठडा जमिनीपासून दहा फुटांवर होता, म्हणून रिंग दहा फुटांवर. सज्जा नऊ फुटांवर असता तर आज आपण नऊ फुटांसाठी भांडलो असतो. खेळणारे अठरा जण होते आणि सगळे वाढ पूर्ण झालेले तरुण पुरुष. बोर्डाचा जन्मही असाच गरजेतून झाला. सज्जात बसलेले प्रेक्षक हात घालून चेंडू अडवायचे किंवा आत ढकलायचे, त्यांना रोखायला टोपलीमागे आधी जाळी आणि मग फळी आली. म्हणजे उंची इमारतीने ठरवली आणि बोर्ड प्रेक्षकांनी. लहान मुलाचा खांदा, मनगट किंवा पकड यांपैकी कशाचाही विचार त्या मापात नाही, कारण तेव्हा लहान मूल समोर नव्हतंच.

आता थोडं गणित करू, कारण या वादात तेच कोणी करत नाही. फ्री थ्रोची रेषा बोर्डापासून ४.६ मीटरवर असते. रिंगचा मध्य बोर्डापासून साधारण ३७ सेंटिमीटर पुढे, म्हणजे चेंडूला आडवं अंतर सुमारे ४.२ मीटर कापायचं असतं. १.८० मीटर उंचीच्या प्रौढ खेळाडूच्या हातातून चेंडू साधारण २.१५ मीटरवर सुटतो असं धरू. त्याला चेंडू ९० सेंटिमीटर वर चढवायचा आहे आणि हवेचा अडथळा सोडला तर किमान वेग लागतो सेकंदाला ७.१ मीटर. सव्वा मीटर उंचीच्या मुलाच्या हातातून चेंडू १.३५ मीटरवर सुटला, तर त्याला १.७० मीटर चढवायचा आहे आणि त्याचा किमान वेग ७.८ मीटर. पुरुषांच्या खेळातला ६०० ग्रॅमचा ७ नंबरचा चेंडू असेल तर प्रौढाला सुमारे १५ ज्यूल ऊर्जा लावावी लागते आणि त्या मुलाला १८. ज्याच्या अंगात कमी ताकद आहे त्याच्याकडून आपण जास्त ताकद मागतो! हेच मूल २.६० मीटरच्या रिंगवर, बोर्डापासून ४ मीटरच्या रेषेवरून, ४८५ ग्रॅमच्या ५ नंबरच्या चेंडूने खेळलं, तर त्याला वेग पुन्हा ७.१ मीटरच लागतो आणि ऊर्जा १२ ज्यूल. इथे लाड कुठे झाले? त्या मुलाला प्रौढाइतकाच वेग काढायचाय, फक्त तो त्याच्या अंगाला झेपणारा आहे.

वेगापेक्षा महत्त्वाचा आहे कोन. वरून तिरकं येणाऱ्या चेंडूला ४५ सेंटिमीटरची रिंग पूर्ण गोल दिसत नाही, लंबगोल दिसते आणि कोन जितका सपाट तितकी ती चिंचोळी होते. ७ नंबरच्या चेंडूचा व्यास २४ सेंटिमीटरच्या आसपास असतो. लोखंडाला न शिवता आत जायला त्याला किमान ३३ अंशांचा उतार हवा. सगळी ताकद लावून किमान वेगाने टाकलेला चेंडू प्रौढाच्या बाबतीत रिंगमध्ये ३९ अंशांनी उतरतो, मोकळी जागा उरते सुमारे चार सेंटिमीटर. त्या सव्वा मीटरच्या मुलाचा चेंडू ३.०५ मीटरच्या रिंगवर ३४ अंशांनी उतरतो, जागा उरते फक्त एक सेंटिमीटर. २.६० मीटरची रिंग आणि ५ नंबरचा चेंडू दिला की ती जागा पुन्हा पावणेचार सेंटिमीटर होते. ‘खालच्या रिंगवर शिकलेल्या मुलाचा शॉट सपाट होतो’ हा कोचमंडळींचा सगळ्यात आवडता आक्षेप, पण आकडे नेमकं उलटं सांगतात. ज्याला चेंडू पोचवण्यातच सगळी ताकद घालवावी लागते, त्याच्याकडे उंच कमान काढायला उरतं काय? म्हणून ते मूल कोपर बाहेर काढतं, चेंडू खांद्यावरून ढकलतं, पाठ मागे वाकवतं. तीच सवय पुढे चौदाव्या वर्षी मोडायला दोन-दोन हंगाम जातात.

‘आम्ही दहा फुटांवरच शिकलो, काय बिघडलं?’ या प्रश्नात तथ्य आहे. दहा फुटांवर शिकून उत्तम खेळाडू झालेले शेकड्यांनी आहेत. पण मैदानावर आज उभे दिसतात ते टिकलेले. नवव्या वर्षी महिनाभर एकही बास्केट न झाल्याने खेळ सोडून गेलेली मुलं हा प्रश्न विचारायला येत नाहीत. आणि टिकलेल्यांतही कोण असतात? वयाच्या मानाने लवकर उंच झालेली, अंगाने थोराड मुलं. यालाही इतिहासाचा दाखला आहे. जॉर्ज मायकनसारख्या उंच खेळाडूंचं वर्चस्व कमी करावं म्हणून ७ मार्च १९५४ रोजी एनबीए या अमेरिकी व्यावसायिक लीगने मिनिआपोलिस लेकर्स आणि मिल्वॉकी हॉक्स यांचा एक सामना बारा फुटांच्या रिंगवर खेळवून पाहिला. अपेक्षा अशी की रिंग वर गेली की उंचांचा फायदा जाईल. पण चेंडू जास्त चुकायला लागले, चुकले की रिबाउंड, म्हणजे उसळून परत आलेला चेंडू, आणि रिबाउंड कोणाचा? उंचाचा. प्रयोग तिथेच थांबला. आठ वर्षांच्या मुलांना दहा फुटांची रिंग देणं म्हणजे तोच प्रयोग रोज संध्याकाळी करणं. सगळ्यांचे चेंडू चुकतात, वर्गातलं सगळ्यात उंच मूल ते गोळा करतं, आणि चपळ, नेमका पास देणारी बुटकी मुलगी तासभर नुसती धावत राहते.

बाकीच्या खेळांनी हा प्रश्न केव्हाच सोडवला आहे. तालमीत पहिल्या दिवशी आलेल्या पोराच्या हातात कोणता वस्ताद पैलवानाच्या मुद्गलांची जोडी देतो? पुरुषांचा गोळा ७.२६ किलोचा, २० वर्षांखालील मुलांचा ६, १८ वर्षांखालील मुलांचा ५. हर्डल्सची उंचीही तशीच १०६.७, ९९.१, ९१.४ सेंटिमीटर अशी उतरत जाते. व्हॉलीबॉलचं नेट पुरुषांना २.४३ आणि महिलांना २.२४ मीटर. टेनिसमध्ये २०१२ पासून दहा वर्षांखालील स्पर्धांत नेहमीचा पिवळा चेंडू वापरायलाच मनाई आहे, तिथे मंद उसळीचे लाल, नारिंगी आणि हिरवे चेंडू आले. बास्केटबॉलमध्येही अमेरिकी कॉलेजांच्या महिला स्पर्धांनी १९८४ मध्ये लहान चेंडू स्वीकारला, तेव्हा खेळ हलका झाला का? लहान मुलांसाठीच्या मिनी बास्केटबॉलमध्ये बारा वर्षांपर्यंत रिंग २.६० मीटर आणि चेंडू ५ नंबर ही मापं जुनीच आहेत. एनबीए आणि अमेरिकेच्या बास्केटबॉल संघटनेने २०१८ मध्ये जाहीर केलेल्या मार्गदर्शक मापांत सात-आठ वर्षांसाठी आठ फूट, नऊ ते अकरासाठी नऊ फूट आणि बारापासून दहा फूट अशी उंची आहे. ज्या देशाच्या नावाने आपण दहा फुटांचा आग्रह धरतो, तोच देश लहान मुलांसाठी आठ फूट म्हणतोय.

इथवर खालच्या रिंगची बाजू घेतली, आता त्या बाजूवाल्यांच्या चुका. सगळ्यात मोठी चूक म्हणजे ‘लहान मुलांसाठी लहान रिंग’. बाजारात मुलांचा सेट म्हणून ३८-४० सेंटिमीटर व्यासाची रिंग सर्रास मिळते. ४० सेंटिमीटरच्या रिंगमध्ये ५ नंबरच्या चेंडूला न शिवता जायला ३४ अंशांचा उतार लागतो, ४५ च्या रिंगमध्ये ३० पुरतो. उंची कमी करून जे कमावलं ते व्यासात घालवलं. दुसरी चूक, उंची बदलून चेंडू आणि रेषा तीच ठेवणं. सातवीपर्यंतच्या मुलाच्या पंजात ७ नंबरचा चेंडू मावत नाही, ड्रिबल तळहाताने थापटलं जातं आणि शॉट दोन हातांनी जातो. पैसे एकाच गोष्टीला असतील तर आधी ५ नंबरचे चेंडू घ्यावेत, रिंगचं नंतर बघावं.

तिसरी चूक बोर्डाची. पूर्ण मापाचा बोर्ड १.८० गुणिले १.०५ मीटर. १२ मिलिमीटर टफन्ड काचेचा तो बोर्ड फ्रेमशिवाय ५७ किलो भरतो, आणि तेवढं वजन मुलांच्या डोक्याजवळ आणून ठेवण्याचं काहीच कारण नाही. मिनीचा बोर्ड १.२० गुणिले ०.९० मीटरचा असतो, १२ मिलिमीटर अ‍ॅक्रिलिकमध्ये तो १५-१६ किलोत बसतो, १८ मिलिमीटर मरीन प्लायमध्ये आणखी कमी. पण हलका म्हणजे लेचापेचा नव्हे. मुलाच्या शॉटमध्ये ऊर्जा आधीच कमी असते, त्यात बोर्ड दोन मिलिमीटरच्या पत्र्याचा किंवा चार बोल्टांवर लटकणाऱ्या पातळ प्लायचा असेल तर चेंडू आपटून मेल्यासारखा खाली पडतो आणि ‘चौकोनावर मार’ हे शिकवणं फुकट जातं. मागे अँगलची पूर्ण चौकट हवी आणि रिंग बोर्डाला नव्हे, थेट चौकटीला बोल्ट केलेली हवी, नाहीतर रिंगला बसलेला प्रत्येक धक्का बोर्डाची भोकं मोठी करत जातो. नेम धरायचा चौकोन ५९ गुणिले ४५ सेंटिमीटरचाच रंगवावा, कारण रिंग तीच आहे आणि इथे बसलेली नजर पुढे तशीच कामी येते. कोकणात आणि मुंबईत प्लायच्या कडा आधी पाणी पितात. दर्शनी भाग चारदा रंगवून कडा कोऱ्या सोडलेले बोर्ड दुसऱ्या पावसाळ्यात फुगतात.

आता विरोधकांचा सर्वात भक्कम मुद्दा, ज्याला उत्तर दिल्याशिवाय रिंग खाली घेऊच नये. खालच्या रिंगला मोठी मुलं लटकतात. शाळा सुटल्यावर त्याच मैदानावर नववी-दहावीची मुलं येतात, २.४४ मीटरची, म्हणजे आठ फुटांची, रिंग उडी मारून हाताला लागते, आणि डंकचा, म्हणजे उडी मारून चेंडू हातानेच रिंगमध्ये कोंबण्याचा, मोह कोणाला आवरतो? रिंग वाकते, बोर्ड फुटतो आणि चाकांचा स्टँड असेल तर तो अंगावर येतो. हे खरं आहे, आणि हिशेब घाबरवणारा आहे. प्लास्टिकच्या बेसमध्ये १३० लिटर पाणी, त्याचा भार पुढच्या कडेपासून ४५ सेंटिमीटर मागे, म्हणजे सावरणारा जोर सुमारे ५८ (किलो गुणिले मीटर). रिंगचं टोक त्या कडेच्या एक मीटर पुढे आणि तिथे ६० किलोचा मुलगा नुसता लोंबकळला तरी उलटवणारा जोर ६०. झेप घेऊन पकडली तर दीडपट-दुप्पट. पाण्याऐवजी कोरडी वाळू भरली तर २०० किलोंच्या वर वजन जातं आणि सावरणारा जोर ९४ पर्यंत, म्हणजे स्थिर लटकणं झेपेल, झेप नाही. त्यातून उन्हाने तडकलेल्या बेसमधून पाणी कधी झिरपून गेलं ते कोणाला कळतही नाही. स्प्रिंगची, दाबली की झुकणारी रिंग लावली म्हणजे काम झालं असं विक्रेते सांगतात, पण स्पर्धेच्या मापाची ती रिंग ८२ ते १०५ किलोंच्या स्थिर भाराला सुटते. ५०-६० किलोचा मुलगा लटकला तर ती हलतही नाही. ती बोर्ड वाचवायला केलेली आहे, मूल वाचवायला नाही.

म्हणून रिंग खाली ठेवू नये असं निघत नाही. सुटा स्टँड ठेवू नये, एवढं नक्की निघतं. लहान मुलांच्या रिंगचा पोल जमिनीत पुरलेला किंवा काँक्रीटमधल्या अँकर बोल्टांवर घट्ट बसवलेलाच हवा. पाया मीटरभर खोल घ्यावा, आणि काळ्या मातीत तर मुरूम लागेपर्यंत खणावं. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि पोल हळूहळू कलतो. पोल पुढच्या बाजूला एकच अंश झुकला, तर दीड मीटर पुढे आलेली रिंग अडीच सेंटिमीटर खाली येते आणि तिरकीही होते. पोल काँक्रीटमध्ये शिरतो तिथे पाणी साचून पाइप कुजतो, त्यामुळे तिथे काँक्रीटला बाहेरचा उतार द्यावा. खालच्या रिंगला नेटचे हुकही नीट बघून घ्यावेत, कारण इथे बोटं पोचतात. हुक आणि रिंग यांत ८ मिलिमीटरपेक्षा जास्त फट राहिली तर उडी मारणाऱ्याचं बोट अडकून सोलवटतं. उघडे वळवलेले लोखंडी हुक मुलांच्या मैदानावर नकोतच. २.४४ मीटरच्या रिंगखाली बोर्डाची खालची कड साधारण २.३० मीटरवर येते, उडी मारलेल्या मोठ्या मुलाचं डोकं आणि कोपर बरोबर तिथे. ती कड आणि पोल, दोन्ही जाड फोमने मढवलेले हवेत.

मग उंची बदलणारा एकच पोल घ्यावा का? घ्यावा, पण यंत्रणा बघून. पाइपात पाइप सरकवून खीळ घालायचा प्रकार स्वस्त असतो. त्यात दोन पाइपांत दोन मिलिमीटर फट आणि एकमेकांत शिरलेला भाग फक्त ३० सेंटिमीटर असेल, तर दीड मीटर पुढे रिंग एक सेंटिमीटर हलते. शिरलेला भाग ६० सेंटिमीटर केला की ती हालचाल निम्म्यावर येते. गॅल्वनाइज न केलेला आतला पाइप दोन पावसाळ्यांत जाम होतो आणि मग उंची कायमची एकच. दोन समांतर दांड्यांवर झुलणारा बोर्ड खाली येतानाही उभाच राहतो, चालवायला हलका, पण दांड्यांच्या सांध्यात बोटं चेंगरतात. तिथे झाकण हवंच. त्याचा स्प्रिंग ठरावीक वजनाच्या बोर्डासाठी ताणलेला असतो. काच काढून हलका बोर्ड लावला आणि स्प्रिंग तसाच ठेवला, तर खीळ काढल्याबरोबर बोर्ड वर उसळतो. कसोटी एकच, शिडीशिवाय एका माणसाला मिनिटभरात उंची बदलता आली पाहिजे. पीटीचा तास चाळीस मिनिटांचा असतो, त्यातली दहा मिनिटं पान्यात घालवायला कोणते सर तयार होतील? दांड्याला कुलूपही हवं, म्हणजे शाळा सुटताना रिंग ३.०५ वर चढवून बंद करता येते आणि लटकण्याचा निम्मा प्रश्न तिथेच मिटतो.

‘एवढे पैसे कोणाकडे आहेत?’ हा आक्षेप जिल्ह्याच्या शाळेत खोटा नाही. तिथे उंची बदलणारा पोल मागूच नये. मोठ्या कोर्टाचे ३.०५ चे पोल आहेत तसे राहू द्यावेत आणि कोर्टाच्या लांब बाजूंना, समोरासमोर, २.६० मीटरचे दोन साधे स्थिर पोल गावातल्याच फॅब्रिकेटरकडून करून घ्यावेत. आडवं कोर्ट मुलांना पुरतं आणि मोठ्यांचा सराव थांबत नाही. पहिली ते तिसरीसाठी कंपाउंडच्या भिंतीवर २.४४ ची रिंग चालेल, पण फक्त उभं राहून शूटिंगसाठी. ले-अपला, म्हणजे धावत येऊन रिंगजवळून चेंडू टाकायला, आलेलं मूल थांबणार कुठे? भिंतीत. ब्रॅकेटला प्लग-स्क्रू नको, भिंतीच्या आरपार बोल्ट आणि मागे पट्टी हवी.

राहिला बदलाचा टप्पा. शालेय स्पर्धांच्या १४ वर्षांखालील गटात ३.०५ वरच खेळायचं आहे, तेव्हा २.६० वरून एकदम तिथे उडी नको, हे कोचचं म्हणणं रास्त आहे. बाराव्या वर्षापासून २.७५, मग २.९०, आणि स्पर्धेच्या वर्षात सरावाचा मोठा भाग ३.०५ वर, असं करता येतं. वर्ग किंवा जन्मतारीख बघण्यापेक्षा शॉट बघावा. कमरेखाली झोका न देता, कपाळावरून सोडलेले दहापैकी सहा चेंडू रिंगच्या वर चढतात का? चढत असतील तर १५ सेंटिमीटर वर घ्या, नसतील तर आणखी एक महिना थांबा. आणि उंची दरवेळी रिंगच्या वरच्या काठापासून थेट खाली जमिनीपर्यंत टेपने मोजा, पोलवरच्या स्टिकरवरून नव्हे. कोर्टावर डांबराचा नवा थर चढला की रिंग तेवढीच खाली येते आणि स्टिकर मात्र ३.०५ च दाखवत राहतो.